बिनजाळाचा ताव

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून निघालेली पिकअप कोल्हापूरला पोचेपर्यंत मागून पाणी ठिबकत असते. बर्फाचं पाणी म्हणायचं, पण त्यात मासळीचं खारं असतं, रक्त असतं, खवले असतात. हौदाच्या फटींतून ते चेसिसवर, स्प्रिंगच्या पाट्यांवर, ब्रेकच्या पाइपांवर उतरतं आणि तिथंच वाळतं. वर रत्नागिरीचा पाऊस, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे. पाऊस नसेल तेव्हा समुद्राची खारी हवा आहेच. अशी गाडी चार वर्षांची झाली की तिच्या पोटाखालचा एकही नट पान्याचं ऐकत नाही. माझं गॅरेज बंदराच्या रस्त्याला आहे. त्यामुळे माझा अर्धा दिवस गाडी दुरुस्त करण्यात जात नाही, ती उघडण्यातच जातो.

वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे उपाय दोनच: घण आणि गॅस. घणाने नाही हलला तर अण्णा गॅस पेटवायचे. अण्णा म्हणजे वडिलांचे मिस्त्री, आता सत्तरीला आले, पण सकाळी माझ्या आधी शटरपाशी हजर असतात. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत ३,००० अंशांच्या वरची. नटावर धरली की नट लाल होतो, यात शंकाच नाही. पण ज्योत नटापाशी थांबत नाही. ती नटाला वळसा घालून मागे जाते आणि मागे जे काही असेल ते खाते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मागच्या पाट्याच्या शॅकलचा, म्हणजे पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीचा, बोल्ट काढताना नेमकं तेच झालं. मी पत्रा आडवा लावला होता, ओला गोणपाट टाकला होता, तरी चेसिसच्या आतून गेलेली मागच्या दिव्यांची वायरिंग वितळली. वास आला तेव्हा हातभर वायर काळी झाली होती. गाडी एक दिवस उभी राहिली, मासळीची एक खेप बुडाली आणि नवी वायरिंग माझ्या खिशातून गेली. गाडीवाला ओरडला नाही. नुसता म्हणाला, "शेठ, बोल्ट काढायला दिला होता, होळी करायला नाही." ते मला जास्त लागलं.

त्या पावसाळ्याच्या तोंडावर मी इंडक्शन हीटर घेतला. हातात धरायचा, १,००० वॉटचा, मोठ्या ड्रिल मशीनएवढा. पुढे तांब्याच्या जाड तारेची कॉइल, तिच्यावर काचतंतूची पांढरी नळी. सोबत वेगवेगळ्या मापाच्या कॉइली आणि एक लांब मोकळी तार, हवी तशी गुंडाळायला. बावीस हजार मोजले. अण्णांनी ते हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं आणि विचारलं, "जाळ कुठनं येतो?" जाळ येतच नाही म्हटल्यावर त्यांनी ते माझ्याकडे परत दिलं, जसं काही मी लाकडाची बंदूक आणली होती.

आमच्या पोऱ्याला मात्र लगेच कळलं, कारण त्याच्या घरी इंडक्शनची शेगडी आहे. शेगडीची काच स्वतः तापत नाही, वरचं भांडं तापतं, आणि तेसुद्धा लोहचुंबक चिकटणारं असेल तरच. इथंही तसंच. कॉइलमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट जातो, त्याने चुंबकक्षेत्र हेलकावत राहतं, आणि त्या हेलकाव्याने लोखंडाच्या आतच भोवऱ्यासारखे करंट फिरू लागतात. लोखंड आपल्याच अंगातल्या करंटने तापतं. आयटीआयला आमचे सर फॅरेडे या शास्त्रज्ञाचं नाव आणि १८३१ साल फळ्यावर लिहून हे शिकवायचे. मी तेव्हा मागच्या बाकावर झोपलेला असायचो. वीस वर्षांनी तेच नाव बावीस हजाराला पडलं.

पहिला नट सायलेन्सरच्या फ्लँजचा. कॉइल घातली, बटण दाबलं. आवाज फारसा नाही, नुसती बारीक शिट्टीसारखी घूं. दहा सेकंद काही दिसेना. मग गंजाचा रंग बदलला, धूर आला, आणि विसाव्या सेकंदाला नट आतून उजळल्यासारखा लाल झाला. शेजारचा रबरी हँगर जसाच्या तसा, हात लावला तर गार. पोऱ्या टाळ्या वाजवायचाच बाकी होता. मी लाल नटावर सॉकेट चढवलं, जोर दिला. नट फिरला. त्याच्याबरोबर स्टडही, म्हणजे नट ज्यावर चढतो तो बिनमुंडीचा दांडा, फिरला, पीळ पडला आणि मुळाशी तुटला.

दुसऱ्या स्टडचंही तेच. म्हणजे दोन स्टड, दोन्ही इंजिनाच्या मॅनिफोल्डच्या आत तुटलेले. मग ड्रिल मारा, टॅप मारा, दुपार घालवा. अण्णा काहीच बोलले नाहीत. चहा पिताना एवढंच म्हणाले, "मेल्या, लाल करायला तुला सांगितलं कुणी?"

तिसऱ्या नटाला काय झालं ते मी ठरवून केलेलं नाही. कॉइल घातली, नट नुकता काळपट-जांभळा होत होता, इतक्यात लाइट गेली. जूनचा पहिला पाऊस, पहिल्या सरीला लाइट जाणं हे ठरलेलंच. मी वैतागून मशीन बाजूला ठेवलं आणि बाहेर जाऊन बसलो. दहा मिनिटांनी पोऱ्या खाली सरकला आणि उगाच, हाताला चाळा म्हणून, नटाला रिंग पाना लावला. आतून त्याची हाक आली, "दादा, ह्यो फिरतोय!" नट हाताला सोसवेल इतका गार झाला होता आणि साध्या पान्याने येत होता.

गंजामुळे नट-बोल्टच्या आट्यांत लोखंडाच्या जागी लोखंडाचा गंज बसतो आणि तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तर नट इतका आवळून बसतो. नट तापवला की फुगतो, पण फार नाही. पोलाद दर अंशाला मिलिमीटरमागे साधारण बारा दशलक्षांश फुगतं. १२ मिलिमीटरच्या नटाला बोल्टपेक्षा ३०० अंश जास्त ताव दिला तर भोक ०.०४ मिलिमीटरने मोठं होईल, केसाच्या जाडीच्या साधारण निम्मं. तेवढ्यानेच गंजाची पकड तडकते. पण लाल होईपर्यंत थांबलं तर नटाचा ताव स्टडमध्ये उतरतो. दोघंही फुगतात, फरक संपतो, आणि वर तापलेला स्टड मऊ झालेला असतो. मी त्याच क्षणी जोर लावत होतो. तडकलेल्या गंजाला मोकळं व्हायचं असतं ते थंड होताना, जेव्हा नट आणि स्टड वेगवेगळ्या वेगाने आकसतात. मशीनचं काम दहा-पंधरा सेकंदांचं. बाकीचं काम थांबण्याचं.

तेव्हापासून लाल रंग दिसला की मी स्वतःवर चिडतो. नट निळसर-काळा पडला की बटण सोडतो. मग मेणबत्ती. ही अण्णांची जुनी युक्ती, गॅसच्या काळातली: गरम नटाच्या कडेला मेणबत्तीचं टोक टेकवायचं. मेण वितळून आट्यांत शोषलं जातं, जसं तेल वातीत चढतं. नट फार तापलेला असेल तर मेण धुरातच जातं, म्हणजे मेणबत्तीने तावाची परीक्षाही होते. तेलाच्या फवारणीचा डबा मात्र गरम नटावर कधीच नाही. त्यातला वायूही पेटतो आणि तेलही. मेण गेलं की पाना आधी आवळायच्या बाजूला किंचित, मग सोडायच्या बाजूला, परत आवळायच्या. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. कुरकुर ऐकू येते, मग कुरकुर बदलते. ती बदलली की समजायचं, आला.

एका महिन्यात मी पहिली कॉइल जाळली. दोष माझाच. कॉइल नटाला घासू द्यायची नाही, भोवती बोटभर नाही तरी दोन-तीन मिलिमीटर मोकळं ठेवायचं, हे मला माहीत होतं. पण अडचणीच्या जागी, पाठीवर झोपून, वरून चिखल पडत असताना हात टेकतो. नटाचा ताव काचतंतूला भाजतो, नळी उसवते, उघडी तार नटाला लागते आणि खेळ संपतो. कॉइल ही वाहनाच्या ब्रेक लायनरसारखी झिजणारी वस्तू आहे, हे दुकानदाराने विकताना सांगितलं नव्हतं. आता मी चार जास्तीच्या ठेवतो आणि प्रत्येक कामाच्या बिलात कॉइलचे पन्नास रुपये मनातल्या मनात धरतो. मशीनलाही विसावा लागतो. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत दोन मिनिटं चालवून दोन मिनिटं थांबा असं आहे. लांब आणि बारीक एक्स्टेंशनवर लावलं तर व्होल्टेज पडतं आणि ते तडक बंद होतं. जाड वायरीचं वेगळं एक्स्टेंशन केलं तेव्हा कुठे ते नीट चालू लागलं.

सगळ्यात जास्त चकवलं ते ॲल्युमिनियमने. गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियम घरात बसलेला पोलादी बोल्ट. मी बोल्टाची मुंडी तापवली आणि लगेच पाना मारला. हलेना, उलट आणखी घट्ट. साहजिक होतं, पण हात लावेपर्यंत डोक्यात आलं नाही: कॉइलमध्ये पोलाद तापतं, ॲल्युमिनियम फारसं तापत नाही, म्हणजे मी आतला बोल्टच फुगवत होतो. अशा जागी बोल्ट तापवायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मग फिरवायचा. फुगताना तो गंज आणि ॲल्युमिनियमची पांढरी पूड चेंगरतो, आकसताना मोकळा होतो. किंवा मग उलट बाजूने, गरम हवेच्या गनने ॲल्युमिनियमचं घरच तापवायचं. तापमान तेवढंच असताना ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक आपणच सैल होतं. पितळेच्या नटावर तर मी सुरुवातीला पाच मिनिटं मशीन धरून बसलो होतो. पोऱ्या म्हणाला, "दादा, ॲल्युमिनियमचं टोप ठेवलंय तुम्ही शेगडीवर." आता कामाआधी खिशातला लोहचुंबक लावून बघतो.

पुढच्या चाकाच्या स्पिंडलवर, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरतं त्यावर, बेअरिंगची आतली रिंग अडकते, ते काम मात्र या मशीनने अक्षरशः बदललं. पूर्वी ग्राइंडरने रिंगेला चीर द्यायची आणि छिन्नीने फोडायची. चीर जरा खोल गेली की स्पिंडलवर कायमचा व्रण. आता मोकळ्या तारेचे चार-पाच वेढे रिंगेभोवती घालतो. इथं मात्र वेगच कामाचा. ३५ मिलिमीटरची रिंग स्पिंडलपेक्षा १५० अंशांनी जास्त तापली तर ०.०६ मिलिमीटरने सैल होते, आणि ती बसवलेलीच असते त्याच्या निम्म्या आवळणीने. हळूहळू तापवली तर स्पिंडलही तापेल आणि काही उपयोग नाही. मिनिटाच्या आत रिंग स्वतःहून सरकते, चामडी हातमोज्यात येते. पहिल्यांदा ती अशी हातात आली तेव्हा अण्णा उठून बघायला आले. मशीन आणल्यापासून ते पहिल्यांदाच जवळ आले होते.

नवं बेअरिंग चढवायला मात्र मी हे वापरत नाही. साध्या बेअरिंगला १२० अंशांच्या वर नेऊ नये, आणि हातातल्या कॉइलने रिंगेची एक बाजू केव्हा त्याच्या पलीकडे जाईल ते कळत नाही. लेझर थर्मामीटरचा भरवसा चकचकीत लोखंडावर ठेवू नका, तो फसवतो, कमी दाखवतो. तिथं काळा मार्कर फासून मगच मोजायचं. नव्या बेअरिंगसाठी आमची गरम तेलाची पातेली बरी. रबरी सील आणि भरलेलं ग्रीस असेल तर तेही नाही, ते थंडच, प्रेसवर.

काही गोष्टी मी आता गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत, कारण पोऱ्याच्या मनगटातलं स्टीलचं कडं एकदा कॉइलजवळ गेलं आणि तो हात झटकत उठला. कडं, घड्याळ, अंगठी काढून ठेवायची. हृदयात पेसमेकर असलेला माणूस मशीनच्या आसपास नको. आमचे एक जुने गिऱ्हाईक तसे आहेत, ते आले की मी मशीनचा प्लगच काढतो. शॉकॲब्सॉर्बर, गॅस स्प्रिंग, बंद डबा, ज्यात दाब कोंडलाय असं काहीही तापवायचं नाही. डिझेलच्या टाकीजवळ आणि पाइपांजवळ तर नाहीच. जाळ दिसत नाही म्हणून ताव नाही असं होत नाही. आणि पिवळसर किंवा पांढऱ्या चमकीचे झिंक चढवलेले नट: त्यांच्यातून पांढरा धूर येतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. अण्णांना हा ताप माहीत आहे, तरुणपणी त्यांनी गॅल्व्हनाइझचे पाइप वेल्ड केले होते.

एक जास्तीचं, जे गिऱ्हाईक नेहमी विसरायला सांगतात: तापवलेला बोल्ट परत लावायचा नाही. मुंडीवर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं, ते पाणी पाजून कमावलेल्या पोलादाचं असतं. ४२५ अंशांच्या पलीकडे ते कमावलेपण जातं. बोल्ट दिसायला तोच, पण ताकद निघून गेलेली. चाक धरणाऱ्या लोअर आर्मचा असा बोल्ट परत लावून गाडी कोल्हापूरच्या वाटेवरच्या आंबा घाटात पाठवायची हिंमत माझ्यात नाही. बोल्ट शंभर-दीडशेचा असतो, त्यावर घासाघीस करणाऱ्याला मी जुना बोल्ट पिशवीत घालून देतो आणि म्हणतो, घरी शोकेसमध्ये ठेवा.

गॅसची बाटली मी विकलेली नाही. गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद असताना एका ट्रॉलरच्या पंख्याच्या शाफ्टचं कपलिंग काढायला बोलावलं. मी ऐटीत मशीन घेऊन गेलो. कपलिंग दहा-बारा किलोचं, आत हाताच्या मनगटाएवढा शाफ्ट. दोन मिनिटं तापवलं, दोन मिनिटं थांबलो, परत तापवलं. जो ताव मी देत होतो तो शाफ्ट आणि अख्खी होडी आरामात पीत होती. अर्ध्या तासाने कपलिंग चहाच्या कपाएवढं गरम होतं. किनाऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाने विचारलं, "इस्त्री करतोस काय?" मग अण्णांना फोन केला. ते टेम्पोत बाटल्या घालून आले, दोन गॅस-टॉर्च दोन बाजूंनी फिरवल्या, ओढून काढायचा पुलर आधीच आवळून ठेवला होता, आणि दहाव्या मिनिटाला कपलिंग ठणकन सुटलं. परतताना टेम्पोत ते फार खूश होते.

गेल्या महिन्यात तीच जुनी पिकअप आली, वायरिंगवाली. दुसऱ्या बाजूच्या शॅकलचा बोल्ट. गाडीवाला पायऱ्यांवर बसायच्या ऐवजी खड्ड्याच्या काठावर वाकून उभा राहिला. बोल्ट रबरी बुशच्या पोलादी नळीला गंजून एक झालेला होता. बुश बदलायचाच होता म्हणून बरं, कारण रबर थोडं भाजणारच. मी कॉइल लावली, पंधरा सेकंद, सोडली. मेणबत्ती फिरवली. मग वर येऊन चहा मागवला. तो म्हणाला, काम थांबवलंत का? म्हटलं, काम चालू आहे. चहा संपला, खाली उतरलो, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि बोल्ट निघाला. वायरिंग त्याने स्वतः बोटाने चाचपून पाहिली.

मग बिल. त्याने आकडा वाचला आणि तोंड वाकडं केलं.

"शेठ, मागच्या वेळी तुम्ही अर्धा दिवस घण मारलात, तेव्हा एवढे घेतलेत. आज तर निम्मा वेळ तुम्ही चहा पीत होतात."

अण्णा मागून म्हणाले, "चहाचे नाही लावले त्यात."

त्याने शंभर कमी दिले आणि मी घेतले.